एकसष्ट नंबरचा बोअर

ठोकेबाईंना आयुष्यभर लोकांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो चुकीचा होता.

"बाई, भूकंप कधी होणार?"

दूधवाला विचारायचा, घरमालक विचारायचा. दातांच्या डॉक्टरने तर तोंडात चिमटा घालून विचारलं होतं, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नाही. बाई जमीन तपासणी कार्यालयात नोकरीला आहेत एवढं कळायचा अवकाश, समोरचा माणूस ज्योतिषापुढे बसल्यासारखा सरसावून बसायचा.

"कधी, ते कुणालाच सांगता येत नाही," बाई म्हणायच्या. "पण झालाच तर तुमच्या घराखालची जमीन किती हलेल, ते मी सांगू शकते."

इथपर्यंत आलं की लोकांना एकदम कामं आठवायची. 'कधी'मध्ये सगळ्यांना रस, 'किती'मध्ये कुणालाच नाही. बाईंना याचा मनस्वी संताप यायचा, कारण बत्तीस वर्षं त्यांनी या 'किती'शिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. भूकंप एकच असतो, येतोही एकाच क्षणी. पण टेकडीवरच्या कातळावर कप बशीत नुसता किणकिणतो आणि त्याच वेळी खालच्या गाळावर कपाट माणसाच्या अंगावर येतं. खालून येणारा धक्का तोच, फरक मधल्या मातीचा. मऊ माती धक्का वाढवते, घट्ट खडक वाढवत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट, पण ती ऐकून घ्यायला शहरात माणूस सापडत नव्हता.

ठोकेबाई हे नाव त्यांना बोअरिंगवाल्या मिस्त्र्यांनी दिलं होतं. जमिनीत बोअर घेताना साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडतात आणि नळी तीस सेंटीमीटर खाली जायला किती ठोके लागले ते मोजतात. चार ठोक्यांत गेली तर चिखल, तीस लागले तर घट्ट, पन्नास मारूनही हलली नाही तर खडक. बाई शेजारी लोखंडी स्टुलावर बसून वहीत रेघा ओढायच्या. मिस्त्री गप्पांच्या नादात एखादा ठोका खाऊन टाकायचे, तेव्हा वहीतून मान वर न करता त्या म्हणायच्या, "सतरा झाले, अठरा नाही." अशा बाईला दुसरं काय नाव पडणार?

या ठोक्यांवरून एकवीस वर्षांपूर्वी शहराचा नकाशा तयार झाला. सगळ्या शहरात चौऱ्याऐंशी बोअर, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. प्रत्येक बोअरभोवतीचा भाग कॉम्प्युटरने रंगवला: घट्ट जमीन हिरवी, मध्यम पिवळी, धोक्याची लाल. खाली उजव्या कोपऱ्यात 'क्षेत्र नोंदी' या शब्दांसमोर बाईंची सही. नकाशा छापून झाला, मोठ्या साहेबांनी टाळ्यांच्या गजरात त्याचं उद्घाटन केलं, आणि मग तो कार्यालयाच्या जिन्यात लागला, तिथे लोक त्याला टेकून छत्र्या उभ्या करायचे.

लाल भागात दवाखाना झाला. बाईंनी तीन पत्रं लिहिली. लाल भागात दोन शाळा झाल्या, पाण्याची उंच टाकी झाली. बाई पत्रं लिहीत राहिल्या. प्रत्येक पत्राला 'नोंद घेतली आहे' असं उत्तर यायचं. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याची नोकरी असती तर बाईंना केव्हाच बढती मिळाली असती.

फक्त एका माणसाने त्यांचं ऐकलं होतं. त्यांच्या धाकट्या भावाने.

आई लवकर गेली, तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि बाई एकोणीसच्या. त्याला मोठं करता करता स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं, आणि त्याबद्दल बाईंनी कधी हळहळ केली नाही. धाकट्याला मात्र ताईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नऊ वर्षांपूर्वी फ्लॅट घ्यायचा ठरला, तेव्हा तो बायकोला घेऊन थेट ताईच्या दोन खोल्यांच्या घरी आला आणि म्हणाला, "ताई, बाकीचं आम्ही बघतो. जमीन तू सांग."

बाईंना किती आनंद झाला होता! त्यांनी कपाटातून नकाशा काढून जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. भावाने तीन ठिकाणं सांगितली होती. दोन लाल भागात होती. तिसरं जुन्या वीटभट्टीच्या आवारात, चहूबाजूंनी पिवळा-लाल रंग आणि मधे हिरवा ठिपका.

"इथे घे," बाई बोट ठेवून म्हणाल्या. "डोळे मिटून घे."

भावाने डोळे मिटून घेतला. पाच मजली इमारत, चौथा मजला, खाली गाड्या लावायला नुसते खांब.

गेल्या वर्षी एका रविवारी बाई भावाकडे जेवायला गेल्या होत्या. जेवण झाल्यावर भावजयीबरोबर गॅलरीत उभ्या होत्या. शेजारच्या मोकळ्या जागेत आठ मजली इमारतीसाठी खोदकाम चाललं होतं आणि कुंपणाला लागून मातीचा ढीग पडला होता. बाईंनी बोलता बोलता तिकडे बघितलं आणि त्यांचं बोलणं तुटलं.

ढीग काळा होता. ओला, चकचकीत काळा, त्यात शंख-शिंपल्यांचे पांढरे ठिपके.

"काय झालं, वन्सं?" भावजयीने विचारलं.

"आलेच," म्हणून बाई चार मजले उतरून खाली गेल्या.

खोदयंत्राचा ड्रायव्हर सावलीत डबा खात होता. बाईंनी विचारलं, "खडक किती खाली लागला?"

"कसला खडक, बाई!" तो हसला. "चार मीटरवर हातभर जाडीचं काँक्रीट लागलं. वीटभट्टीचं माती मळायचं यंत्र होतं ना, त्याचा जुना पाया. पार तुमच्या या कुंपणाखालून पलीकडे गेलाय. तो फोडला तर खाली सगळा लगदा. मशीनचा हात घातला की आपोआप आत जातोय. आम्ही बारा मीटर गेलो, अजून तळ नाही."

बाई कुंपणाच्या तारेला धरून उभ्या राहिल्या. त्या कुंपणाच्या कोपऱ्यात, गवतात, एकवीस वर्षांपूर्वीची लोखंडी खुंटी अजून होती. तिच्यावर रंगाने लिहिलेला आकडा पुसट झाला होता, पण बाईंना तो वाचायची गरज नव्हती. एकसष्ट.

एकसष्ट नंबरचा बोअर बाईंना लख्ख आठवत होता. चार मीटरवर नळी अडली. पन्नास ठोके मारले, दोन बोटंसुद्धा हलली नाही. नियम असा की नुसती नळी अडली म्हणून 'खडक' लिहायचं नाही. हिऱ्याचं पातं लावून आणखी तीन मीटर पोखरायचं, दगडाचा तुकडा वर काढायचा, बघायचा, पेटीत भरायचा, मगच लिहायचं. मोठा धोंडा असू शकतो, जुनं बांधकाम असू शकतं. हा नियम बाई नव्या पोरांना घसा फोडून शिकवायच्या.

पण त्या दिवशी साडेचार वाजले होते आणि हिऱ्याचं पातं लॉरीच्या तळाशी, सगळ्या सामानाच्या खाली होतं. मिस्त्री म्हणाला, "बाई, खडकच आहे. आवाजावरून कळतं. माझी हयात गेली यात." आणि सहा वाजता धाकट्याच्या लग्नाची बोलणी करायला मुलीच्या घरी पोचायचं होतं. आई नाही, वडील असून नसल्यासारखे. बोलणी करायची ती ताईनेच. बाईंनी घड्याळ बघितलं, वही उघडली आणि लिहिलं: 'चार मीटर. खडक.' चौऱ्याऐंशी बोअरमध्ये हा एकच दगड त्यांनी न बघता लिहिला होता.

आणि धाकट्याला नेमका त्याच्याच वर नेऊन बसवला होता. आयुष्यात एका माणसाने त्यांचं ऐकलं, आणि तेवढ्याच वेळी त्या चुकल्या होत्या. हे कळल्यावर बाईंना रडू आलं नाही, स्वतःचाच इतका राग आला की परत चौथ्या मजल्यावर चढताना त्यांनी जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली आणि मग आठवडाभर हाताला पट्टी बांधून फिरल्या.

राग आला म्हणून काम थांबवणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. सोमवारी त्यांनी कार्यालयातली मोजणीची पेटी उचलली आणि भावाच्या इमारतीखाली दोन खांबांच्या मधे ठेवली. जमीन कायम बारीक थरथरत असते, माणसाला कळत नाही एवढंच. ती थरथर ही पेटी टिपते आणि त्यावरून जमिनीची चाल कळते. तिथली जमीन सेकंदाला साधारण दोनदा डोलत होती. पाच मजली इमारतही सेकंदाला साधारण दोनदाच डोलते. झोक्याला नेमका त्याच्या लयीत धक्का दिला की तो चढतच जातो, तसला हा मामला होता. बाईंनी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा एकच आलं: टेकडीवर जेवढं हलेल, त्याच्या साडेचार पट इथे हलेल.

'नकाशा दुरुस्ती प्रस्ताव' नावाचा एक फॉर्म असतो. आजवर तो कुणी भरला नव्हता, म्हणून भांडारातून कोरा फॉर्म काढायलाच नऊ दिवस लागले. त्यात एक रकाना होता: 'त्रुटी कोणामुळे'. बाईंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि फॉर्म साहेबांपुढे ठेवला.

साहेब बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. माणूस वाईट नव्हता, पण हातात आलेला कागद पुढे कुणाच्या हातात देता येईल एवढाच विचार करायचा. त्यांनी फॉर्म वाचला, दार लोटून घेतलं.

"बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे. निवृत्तीला सहा महिने राहिले तुमच्या."

"म्हणूनच घाई आहे, साहेब."

"एक ठिपका चुकला तर लोक म्हणतील बाकीचे त्र्याऐंशीसुद्धा चुकले."

"त्र्याऐंशी बरोबर आहेत. त्यातले लाल आहेत ते तर तुम्ही कुणी मानतच नाही. हा एक हिरवा तेवढा सगळ्यांनी मानला."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "बरं, समजा नकाशा लाल केला. मग?"

"मग नियमाप्रमाणे शेजारची आठ मजली थांबेल. आणि त्या पाच मजलीच्या खालच्या खांबांना जाड करावं लागेल, दोन-तीन ठिकाणी भिंती घालाव्या लागतील. तेवढं झालं तरी इमारत बसणार नाही."

'बसणार नाही' हे शब्द बाईंनी अगदी सरळ उच्चारले. त्यांच्या धंद्यात तो रोजचा शब्द होता. खाली नुसते खांब असलेली इमारत पडत नाही, बसते, आणि वरचे मजले खालच्या मजल्यावर येतात.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा. दुरुस्तीसाठी नवा बोअर पाहिजे. आणि लोक राहत असलेल्या आवारात बोअर घ्यायचा तर तिथल्या एका तरी मालकाची लेखी मागणी पाहिजे. आणा. एक सही आणा, मी उद्या मशीन पाठवतो."

वीस फ्लॅट, एक सही. बाईंना वाटलं, हे तर झालंच.

सोसायटीची सभा रविवारी सकाळी खाली गाड्यांच्या जागेत भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, लिफ्टच्या दुरुस्तीवरून तासभर भांडण. मग चेअरमन म्हणाले, "आता आपल्या चौथ्या मजल्यावरच्यांच्या ताई जरा भूकंपाविषयी सांगणार आहेत." लोकांनी मोबाइल काढले.

बाईंनी सगळं सांगितलं. काँक्रीट, खालचा लगदा, झोका, साडेचार पट, खांब. स्वतःची चूकही सांगितली, त्या दिवशीच्या घाईचं कारण तेवढं सोडून. बोलून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने हात वर केला.

"ताई, म्हणजे भूकंप कधी होणार आहे?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. "ते सांगता येत नाही."

"मग आत्ता कशाला?"

"खांब जाड करायचे तर गाड्या कुठे लावायच्या?" दुसऱ्याने विचारलं.

"सहा महिने बाहेर लावाव्या लागतील. आणि भिंती घातल्या की तीन जागा कायमच्या जातील."

तीन जागा जाणार म्हटल्यावर सभा एकदम जागी झाली. कुणाच्या तीन? नंबराप्रमाणे की मजल्याप्रमाणे? बायकाही बोलायला लागल्या. इमारत बसेल यावर एक अवाक्षर न काढणारी माणसं गाडीच्या जागेसाठी हमरीतुमरीवर आली. शेवटी चेअरमननी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तो नकाशाच होता. बिल्डरने प्रत्येकाला फ्लॅटबरोबर दिला होता आणि तोच दाखवून स्वतःची जमीन तपासणी वाचवली होती, कारण हिरव्या भागात ती सक्तीची नव्हती.

"हा सरकारी नकाशा. इथे आपण. हिरवा," चेअरमन म्हणाले. "आणि खाली सही कुणाची? ताई, तुमचीच. मग आम्ही सहीवर विश्वास ठेवायचा की बोलण्यावर?"

लोक हसले. बाईंच्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. बत्तीस वर्षांत कुणी त्यांच्या सहीला विचारलं नव्हतं, आणि आज तीच सही उचलून त्यांच्या तोंडावर मारली होती.

पण खरा घाव वर, भावाच्या घरात बसला. भाऊ चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला.

"ताई, चारचौघांत काय हे? तूच म्हणालीस ना, डोळे मिटून घे? घेतलं. आता म्हणतेस डोळे उघड?"

"माझं चुकलं, म्हणून तर सांगतेय."

"चुकलं कसं असेल? तू कधी चुकतेस?" त्याचा आवाज चढला. "निवृत्ती जवळ आली की माणसाला असं होतं. आपल्यावाचून सगळं कोसळेल असं वाटतं. अगं, वीस घरं मला नावं ठेवतील. मी सही करणार नाही. आणि तूही तो कागद घेऊन दारोदार फिरू नकोस, माझी शपथ आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. हा मुलगा त्यांच्यावर अविश्वास दाखवत नव्हता. एकवीस वर्षांपूर्वीच्या ताईवर त्याचा इतका विश्वास होता की आजच्या ताईचं त्याला पटत नव्हतं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

शपथ घातली तरी बाई दारोदार फिरल्या. एकोणीस दारं. तिसऱ्या मजल्यावर चहा मिळाला, पाचव्यावर कुत्रं अंगावर आलं, सही कुठेच मिळाली नाही. एवढं मात्र झालं की खालची मोजणीची पेटी चेअरमननी राहू दिली; पेटी कोपऱ्यात होती आणि तिने कुणाच्या गाडीची जागा अडवली नव्हती. तशीच दुसरी पेटी टेकडीवर, कार्यालयाच्या तळघरात कातळावर होती. बाई रोज सकाळी दोन्हींच्या नोंदी बघायच्या आणि मागणीच्या कागदावरच्या सहीच्या रिकाम्या जागेकडे बघून दात-ओठ खायच्या.

निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना, एका गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दूर कुठेतरी शंभरेक किलोमीटरवर जमीन सरकली. टेकडीवरच्या कार्यालयात कुणाला काही कळलं नाही. शिपाई चहा वाटत होता, एक थेंब सांडला नाही. कॉम्प्युटरवर रेघ उठली म्हणून बाईंना कळलं. त्यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावल्या, मोठ्यातल्या मोठ्या उंच्या काढल्या आणि भागाकार केला.

चार पूर्णांक सहा.

अंदाज साडेचार, प्रत्यक्षात चार पूर्णांक सहा. या धंद्यात दुपटीच्या आत आलं तरी लोक पाठ थोपटून घेतात. इतका नेमका अंदाज बाईंनी सगळ्या नोकरीत वर्तवला नव्हता. आणि त्यांना वाईट, फार वाईट वाटलं. आपलं गणित चुकलेलं निघावं, धाकट्याने हसून चिडवावं, एवढीच त्यांची मनातली इच्छा होती. त्यांनी भावाला फोन लावला. तो टेकडीच्या अंगाला असलेल्या आपल्या दुकानात होता.

"ताई, तुलाच फोन करणार होतो!" तो खुशीत होता. "टीव्हीवर आत्ता बातमी आली, भूकंप होऊन गेला म्हणे. इथे दुकानात कुणाला पत्तासुद्धा नाही. घरी फोन केला, घरीपण सगळं ठीक. इमारत जागच्या जागी! म्हटलं नव्हतं तुला? तुझा हिरवाच बरोबर होता."

"अरे, हा अगदी बारका होता—"

"बारका का असेना, भूकंप तो भूकंप. पास झाली आपली इमारत. आता तो कागद फाडून टाक बघू."

बाईंनी फोन ठेवला. भिंतीवर डोकं आपटावं की फोन, याचा त्यांनी खरोखरच विचार केला. साहेबांना आकडा दाखवला, तर साहेब म्हणाले, "उत्तम. प्रस्तावाला जोडा. सही मिळाली का?"

शनिवारी बाई बाजारातून लोखंडी कोन, स्क्रू आणि ड्रिल मशीन घेऊन भावाच्या घरी गेल्या. जमीन बदलता येत नाही, खांब कुणी हात लावू देत नाही, तर निदान कपाटं तरी भिंतीला ठोकू. एवढं आपल्या हातात आहे. भाऊ दुकानात गेला होता. भावजयीने दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि काही न विचारता स्टूल आणून दिलं.

बेडरूममधलं कपाट झालं. हॉलमधलं पुस्तकांचं झालं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या कपाटाला बाई स्टुलावर चढून भोक पाडत होत्या आणि भावजय खाली स्टूल धरून उभी होती. ड्रिलचा आवाज थांबला तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, गुरुवारी मी इथेच होते."

बाईंनी खाली बघितलं.

"ह्यांनी फोन केला तेव्हा मी म्हटलं सगळं ठीक आहे. कुणी हसायला नको म्हणून. पण ठीक नव्हतं. आधी या कपाटाचं दार आपोआप उघडलं. मग मला वाटलं मलाच चक्कर येतेय. ओट्याला धरलं तर ओटासुद्धा हलत होता. एकदा इकडे, एकदा तिकडे, झोपाळ्यासारखा. थांबतच नव्हता." तिने स्टुलावरचा एक हात काढला आणि पुन्हा ठेवला. "वन्सं, मोठा झाला तर इथे किती हलेल?"

बत्तीस वर्षं बाई या प्रश्नाची वाट बघत होत्या. कुणी विचारलाच, तर काय काय सांगायचं हे त्यांनी हजार वेळा मनात घोळवलं होतं. आणि आता तो आला तो भावाच्या स्वयंपाकघरात, त्याच्या बायकोच्या तोंडून. त्या स्टुलावरून खाली उतरल्या.

"टेकडीवर कपाटं वाजतील एवढा आला, तर इथे उभं राहता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या धक्क्यात माती स्वतःच ढिली पडते, म्हणून साडेचार नाही, तीनपट धर. वीस-पंचवीस सेकंद. खालचे खांब तेवढं सोसणार नाहीत."

"आणि खांब जाड केले तर?"

"भिंतींना भेगा पडतील. पण माणसं आपल्या पायांनी खाली उतरतील."

भावजयीने कपाटाचं उघडं दार हाताने लावून घेतलं. मग म्हणाली, "हे असं साधं सरळ आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही गं."

मग बाईंनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. आता लपवायचं ते कशाला? "तो बोअर मी साडेचारला बंद केला. सहाला तुमच्या घरी पोचायचं होतं, बोलणी करायला. हातभर काँक्रीट होतं फक्त. अर्धा तास आणखी पोखरलं असतं तर खालचा चिखल वर आला असता."

भावजय त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी आठवत असल्यासारखी तिने मान तिरकी केली.

"पण तुम्ही अर्धा तास आधीच आला होतात," ती म्हणाली. "साडेपाचलाच. आमची झाडलोटसुद्धा झाली नव्हती. आईची काय धांदल उडाली होती! तुम्ही बाहेरच्या खोलीत एकट्याच बसून होतात."

बाई स्टुलावर बसल्या. खरंच होतं ते. त्या खोलीत बसून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो अर्धा तास काढला होता, आणि लवकर आलो ते बरं झालं असं त्यांना वाटलं होतं.

भावजयीने ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसून काढलं, हात पदराला कोरडे केले.

"फ्लॅट दोघांच्या नावावर आहे," ती म्हणाली. "ते चिडतील, ते मी बघते. कागद आणलाय ना?"

मागणीचा कागद बाईंच्या पर्समध्ये जवळजवळ पाच महिने होता. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यांनी तो ओट्यावर पसरला आणि सहीची जागा बोटाने दाखवली.